साळू, परी आणि फणसाचा चीक

फणसाला काटे का असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फणसाचा चीक एकदा बोटाला लागला की सुटता सुटत का नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. तेच आज सांगणार आहे. खोटं वाटलं तर मध्येच उठू नका. गोष्ट संपली की फणसालाच विचारा.

एका हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी एक चिमुकली वाडी होती. इतकी चिमुकली, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की सगळ्या वाडीला ठसका लागे. त्या वाडीत साळू राहायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळचा परकर कुठला आणि ठिगळ कुठलं, हे शिवणाऱ्या आत्यालाही सांगता आलं नसतं. साळूचे बाबा ती पाळण्यात असतानाच देवाघरी गेले होते. घरात आत्या होती, एक तांबडी कोंबडी होती, आणि चुलीवर बहुतेक वेळा नुसती पेज होती.

आई मात्र नव्हती. शिमगा झाला आणि आई दूरच्या आंब्याच्या बागेत कामाला गेली. दोन खाड्या ओलांडून पलीकडे. फणस पिकले की परत यायचं, असं ठरलं होतं. सगळी वाडी तिला पोचवायला फाट्यावर गेली. गाडी आली, आई चढली, खिडकीतून वाकली, साळूच्या गालाला हात लावून म्हणाली, "साळू, जा..."

आणि गाडीनं हॉर्न दिला. पोंऽऽऽ. असला मोठा हॉर्न, की वडावरचे सगळे पोपट एकदम उडाले आणि त्यातले दोन घाबरून कावळ्यांच्या शाळेत जाऊन बसले. हॉर्न थांबला तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती.

शेजारच्या ठमाकाकूंनी लगेच जीभ चावली. त्या म्हणाल्या, "बाई गं, ही 'जाते' म्हणाली. निघताना कुणी जाते म्हणतं का? येते म्हणावं." सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ठमाकाकूंपुढे वाडीत कुणी मान आडवी हलवत नसे.

तुम्हाला माहीत आहेच, आपल्याकडे निघालेलं माणूस कधी 'जाते' म्हणत नाही. साळू तर विहिरीवरून निघतानाही विहिरीला 'येते हं' म्हणायची. तिच्या मनात ते पक्कं रुतून बसलं. आई जाते म्हणाली, म्हणून आईला येता येत नाही. करवंदं काळी झाली, जांभळं टपटप पडली, फणसांचा घमघमाट सुटला, तरी आई आली नाही. साळू रोज कोंबडीला विचारायची, आणि कोंबडी रोज दुसरंच काहीतरी बोलायची.

एके सकाळी आत्यानं तिच्या दोन्ही वेण्यांना खोबरेल तेल चोपडलं. आत्याचा हात पेजेच्या बाबतीत आखडता असला तरी तेलाच्या बाबतीत फार सढळ. वेण्यांमधून तेल ठिबकायला लागलं. मग आत्यानं तिच्या हातात पापडांची टोपली दिली आणि फाट्यावरच्या दुकानात पोचवून यायला सांगितलं. वाट अगदी सोपी होती. आधी रान, मग मळे, मग फाटा. न चढ, न उतार. आमच्याकडची बदकंसुद्धा त्या वाटेनं बोलत बोलत जातात.

"येते हं," साळू आत्याला म्हणाली. मग कोंबडीला म्हणाली. मग वाडीच्या टोकाच्या आंब्यालाही म्हणाली.

रानात ऊन पानांमधून गाळून येत होतं आणि वाटेवर त्याचे सोनेरी पैसे सांडले होते. निळी निळी फुलपाखरं, पोपटी पोपटी टोळ, लालचुटूक मखमली किडे. साळू गुणगुणत चालली होती. इतक्यात रानातल्या मोठ्या फणसाखालून एक बारीकसा आवाज आला. चांदीची घुंगरं कुरकुरली तर कशी कुरकुरतील, तसा.

एक पिकला फणस पडून फुटला होता. त्याच्या पिवळ्याधमक गऱ्यांमध्ये एक बोटभर परी बसली होती. बसली कसली, चिकटली होती. तिचे पंख करवंदासारखे जांभळे आणि कडेनं चमचमते. केसांत दवाचे मणी. आणि तोंड गऱ्यानं माखलेलं.

"हसू नकोस," परी म्हणाली. "वास इतका गोड आला, की मी उतरले. आता हे मला सोडत नाही."

साळू हसली नाही. म्हणजे थोडीशी हसली, पण तोंड वळवून. मग ती खाली बसली. तिनं वेणी पिळली, बोटांवर तेल घेतलं आणि हळूहळू, फुलावरचं दव पुसावं तसा एक एक पंख मोकळा केला. एवढा वेळ लागला की टोपलीतल्या पापडांना मुंग्यांनी प्रदक्षिणा घातली. शेवटच्या पंखाला चिकाचा एक गोळा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो कोमट होता आणि आतून गुणगुणत होता.

परीनं तो कानाला लावला. कुणाचं तरी अर्धं राहिलेलं बोलणं आहे, ती म्हणाली. असली बोलणी वाऱ्यावर फिरतात आणि फणसाच्या चिकात अडकतात. अशी तर तिला नेहमीच सापडतात. तिनं तो गोळा आपल्या इवल्याशा झोळीत टाकला. मग तिनं एक आठळी उचलून तिच्यावर फुंकर मारली. आठळी म्हणजे फणसाची बी, आपण भाजून खातो ती. पण ही आठळी सोन्यासारखी लखलखू लागली.

"ही तुझी," परी म्हणाली. "हिला एक इच्छा सांग, ती खरी होईल. पण नियम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही. ज्याच्यासाठी मागशील ते तुझ्या डोळ्यांसमोर हवं. आणि सूर्य बुडाला की हिची साधी आठळी होईल."

साळूनं लगेच हिशेब केला. दुपारची गाडी फाट्यावरून जाते. आई त्याच गाडीत असेल आणि 'जाते' म्हटल्यामुळे तिला उतरता येत नसेल तर? खिडकीत आई दिसली, की लगेच मागायचं. आईसाठी मागायचं, म्हणजे नियम मोडत नाही. तिनं आठळी परकराच्या टोकाला घट्ट बांधली.

"येते हं," ती परीला म्हणाली.

परी गोंधळली. "तू तर चाललीस. आमच्या देशात जाताना जाते म्हणतात आणि येताना येते. तुम्ही उलटं का बोलता?"

साळूनं विचार केला. "जाते म्हटलं की मागे राहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. म्हणून."

"मग तू खरंच येशील?"

"येते म्हटलं म्हणजे यायचं," साळू म्हणाली.

परी फणसाच्या पानावर पाय सोडून वाट बघत बसली.

रान संपलं आणि मळे सुरू झाले. हिरव्यागार मिरच्या, जांभळी जांभळी वांगी, बांधावर पिवळी फुलं. मळ्यात एक बुजगावणं होतं. त्याच्या मडक्याच्या डोक्यावर कावळा आरामात बसून पंख साफ करत होता. साळूनं बुजगावण्यालाही येते म्हटलं, कारण त्याच्याशी बोलणारं दुसरं कोण होतं बिचाऱ्याला?

पुढे धाकूआजाचा कलिंगडांचा मळा. धाकूआजा एकटाच राहायचा, एक म्हैस आणि तिचं लुटुलुटु पारडू एवढंच त्याचं गणगोत. आज वेल कोमेजले होते. पारडू सावलीत जीभ काढून पडलं होतं. आजा विहिरीच्या काठावर बसला होता आणि विहिरीच्या तळाशी एक बेडूकही तसाच गप्प बसला होता.

"ये पोरी," आजा म्हणाला. "कलिंगडं बघतेस ना? उन्हातून आलेल्या माणसाला गारवा देतात म्हणे. आता तीच बिचारी गारवा शोधतायत."

विहीर आटली होती. पण उन्हातून आलेल्या माणसाला पाणी न देता कसं पाठवायचं? आजानं गुळाचा खडा दिला आणि लोट्यातलं पाणी दिलं. साळू प्यायला लागली तेव्हा तिला लोट्याचा तळ दिसला. त्यातलं शेवटचं पाणी होतं ते. तिनं एकच घोट घेतला आणि बाकीचं पारड्याच्या तोंडाला लावलं. पारड्यानं लोटाही चाटला, तिचा हातही चाटला, आणि आणखी मागायला लागलं.

तेवढ्यात लांबवर रस्त्यावर धूळ उठली. दुपारची गाडी.

साळू उठली. परकराच्या गाठीवर तिचा हात गेला. आता धावलं तर फाट्यावर वेळेवर पोचता येईल. तिनं पारड्याकडे बघितलं. त्याचे काळेभोर डोळे तिच्याकडेच लागले होते. आजानं रिकामा लोटा उपडा ठेवला. मागायची त्याला सवयच नव्हती.

साळूनं गाठ सोडली. गाठ घट्ट होती, म्हणून जरा वेळ लागला. मग ती विहिरीवर वाकली आणि म्हणाली, "आजाच्या विहिरीला पाणी येऊ दे." आणि सोन्याची आठळी विहिरीत टाकली.

आधी तळाचा बेडूक "डराव" म्हणाला. मग खालून बुडबुड, मग खळखळ, आणि निळंशार पाणी चमचमत वर आलं. इतकं वेगानं आलं की बेडूक त्याच्यावर बसूनच काठापर्यंत आला आणि उडी मारून उतरला. पारडू नाचलं. कलिंगडं बघता बघता टम्म फुगली. एक तर एवढं फुगलं की म्हैस त्याच्या सावलीत जाऊन बसली. आजा डोळे पुसत हसत होता, की हसत डोळे पुसत होता, कोण जाणे.

"येते हं आजा," म्हणून साळू धावली.

ती फाट्यावर पोचली तेव्हा गाडी गेलेली होती. धूळ खाली बसत होती. कुणी उतरलं नव्हतं. साळूनं पापड दुकानात दिले आणि वडाखाली थोडी रडली. फार नाही, पण अगदी मनापासून.

दुकानदार माणूस चांगला होता. त्याचा टेम्पो वाडीकडे निघाला होता. तो म्हणाला, बस पोरी, पायांना किती त्रास देशील? साळूचे पाय खरंच दुखत होते. पण तिला लोटा घेऊन बसलेला आजा आठवला, बुजगावणं आठवलं, पानावर पाय सोडून बसलेली परी आठवली.

"नको काका," ती म्हणाली. "त्या वाटेवर सगळ्यांना मी येते म्हटलंय."

आणि ती आल्या वाटेनं परतली. आजानं तिला टोपलीभर कलिंगड दिलं. बुजगावण्याच्या डोक्यावर आता दोन कावळे बसले होते, त्याला सोबत झाली होती. रानात पोचली तेव्हा ऊन केशरी झालं होतं. परी पानावरच होती, पण तिचे पंख फिकट दिसत होते. परीला खरं तर दुपारीच घरी पोचायचं असतं, उशीर झाला की तिचे रंग उडायला लागतात.

"तू येते म्हणाली होतीस," परी म्हणाली. "म्हणून थांबले. आईसाठी मागितलंस?"

साळूनं मान आडवी हलवली आणि सगळं सांगितलं. विहीर, पारडू, गाडी. आई, आणि ते 'जाते'. हॉर्नचं सांगताना तिनं पोंऽऽ करूनही दाखवलं.

परी एकदम ताठ बसली. तिनं झोळीतून तो कोमट गोळा काढला. "अडकलेलं बोलणं असं कुणाच्याही हातावर उघडत नाही," ती म्हणाली. "जो आपला शब्द पाळतो, त्याच्याच हातावर ते उघडतं. हात पुढे कर."

साळूच्या तळहातावर गोळा फुटला, जाईची कळी फुटते तसा. आणि त्यातून आईचा आवाज आला. "...ऊन येते गं. फणस पिकले की. वेण्यांना तेल लावत जा."

 साळूनं मनात दोन्ही तुकडे जोडून बघितले. जा... ऊन येते. जाऊन येते. आई जाते म्हणालीच नव्हती. हॉर्ननं तिचं अर्धं बोलणं गिळलं होतं, आणि उरलेलं ठमाकाकूंनी आपल्या मनानं भरलं होतं.

तेवढ्यात फाट्याकडून संध्याकाळच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. थोड्या वेळानं वाळक्या पानांवर पावलं वाजली. डोक्यावर गाठोडं, अंगाला आंब्याचा वास, आणि तोंडभर हसू. आई.

साळू आईच्या कमरेला अशी बिलगली, की फणसाच्या चिकानंही शिकावं. आई सांगत होती, शिमग्यापासून तिच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं होत होतं. रोज ती गाठोडं बांधायची आणि रोज गाडी चुकायची. आज दुपारी अचानक घसा मोकळा झाला आणि पाय आपोआप गाडीत चढले. ते अगदी तेव्हाच, जेव्हा साळू टेम्पोला नको म्हणाली होती. आणि साळूकडून ठमाकाकूंचं म्हणणं ऐकून आईनं कपाळाला हात लावला.

"मी जाते म्हणेन होय गं? इतकी का बावळट आहे तुझी आई?"

परी पंख पसरून उडाली. आईच्या गाठोड्याला तिनं हात लावला, आणि त्यात साळूसाठी एक नवा परकर आला, मोरपिशी, चांदण्यांच्या बुट्ट्यांचा. मग ती म्हणाली, "मी जाते आता."

साळू आणि आई एकदमच म्हणाल्या, "जाते म्हणू नये."

परी हसली. तिच्याभोवती प्रकाश गोळा होऊ लागला, आधी पिवळा, मग गुलाबी, मग मोत्यासारखा पांढरा. तिनं तोंड उघडलं, "ये..." आणि प्रकाश एवढा झळाळला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. डोळे उघडले तर पानावर जांभळ्या रंगाची एक चिमूट चमचमत होती. बस.

परीचं ते उरलेलं 'ते' अजून रानात फिरतंय. कुठल्यातरी फणसाच्या चिकात अडकलेलं असणार. म्हणून फणसाचा चीक बोटाला लागला की लगेच तेल लावून पुसू नका. आधी बोट कानाशी न्या. आणि 'ते' ऐकू आलं, तर साळूला कळवा. ती दर उन्हाळ्यात फणसाखाली वाट बघते.