एकवीस दिवस पाणी

घरातल्या बाईने रस्त्याकडे तोंड करून बसायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

“मग जाळीच्या आड बसली तर?” मी आबांना विचारलं.

आबा, माझे आजोबा, सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

“जाळीच्या आड?”

“सिमेंटच्या जाळीचे ब्लॉक लावू. आतल्याला रस्ता दिसेल, रस्त्यावरच्याला आतलं दिसणार नाही.”

आबांनी माझ्या थोरल्या काकांकडे, तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, “कॉलेजचे पैसे वाया गेले नाहीत म्हणायचे.”

मी खूश झाले.

गोष्ट माझ्या वैजयंतावहिनीची होती. तिचं शिलाई मशीन आमच्या पडवीत. पडवी तीन बाजूंनी बंद, उजेड येतो तो फक्त रस्त्याकडून. आणि वहिनी बसायची रस्त्याकडे पाठ करून. तिची सावली तिच्याच हातांवर पडायची. चार महिन्यांत दोनदा सुई बोटात गेली होती. लग्नसराईच्या ब्लाउजांचं काम अंगावर होतं, आणि शिवण वाकडी गेली की गिऱ्हाईक कापड तिच्यासमोर टाकून जायचं.

मी सिव्हिल इंजिनीअरिंगला आहे. मला वाटलं, हा तर माझा प्रश्न आहे.

ब्लॉक पाडायला मी लाडलेउस्तादांकडे शिकले. गावातली निम्मी घरं त्यांनी बांधलेली. आता थकलेत. दर्ग्यामागच्या शेडमध्ये साचे घेऊन बसतात आणि बोलायला लागलं तर त्रास झाल्यासारखं करतात.

मी साचा स्वतः काढला. आठ पाकळ्यांचं फूल, मधे गोल. पहिला ब्लॉक साच्यातून सुटला, सुकला, तेव्हा तो दगडासारखा टणक होता.

“आता पाणी मार,” उस्ताद म्हणाले.

“किती दिवस?”

“एकवीस.”

“पण हा तर घट्ट झालाय.”

“कोण म्हणतं?”

“हात लावून बघा ना.”

त्यांनी हात लावला. “लावला. पाणी मार.”

मला शेवटपर्यंत कळलं नाही की ते माझी थट्टा करत होते की मी त्यांना खरंच मठ्ठ वाटत होते. सिमेंटला पाणी का लागतं ते मी परीक्षेत लिहिलंय, मार्कही मिळालेत. पण ते बोलायचे ते त्या उत्तरासारखं नव्हतं. मी रोज सकाळी झारी घेऊन जायचे, रोज चिडून यायचे.

एकविसाव्या दिवशी ब्लॉक घरी आणले. दुसऱ्या सकाळी पडवीत कोरडेच रचून पाहिले, पाच थर. बाहेर घमेल्यात सिमेंट-वाळूचा माल कालवून ठेवला. उन्हाची फुलं फरशीवर पडली. शेजारच्या बाया बघून गेल्या. एक म्हणाली, “देवघराला लावायची की गं.”

उस्ताद आले. त्यांनी ओळंबा सोडला, सांध्यांवरून बोट फिरवलं.

“जाळी उत्तम आहे.”

“मग लावू?”

“लाव.”

“मग तुम्ही हसताय का?”

“मी कुठे हसतोय?… सुई आहे का घरात?”

वहिनीने सुई-दोरा आणून दिला.

“बस, इंजिनीअरबाई. वहिनीच्या स्टुलावर. जाळीकडे तोंड कर.”

मी बसले.

“ओव.”

सुईचं नेढं एका पाकळीच्या सावलीत आलं. मी हात सरकवला. आता दोऱ्याचं टोक सावलीत. पुन्हा सरकवला. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, “सुई काय, उभं राहूनही ओवता येते.”

“येते की. वहिनी उभ्यानं शिवणार का?”

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मला राग आला.

“एक ब्लॉक काढ,” उस्ताद म्हणाले.

मी डोळ्यांसमोरचा काढला. दोरा गेला.

“आता शिव.”

मशीनवर कापड होतंच. मी पाय चालवला. टीप वीतभर नीट गेली आणि मग सावल्यांच्या नक्षीत शिरली. मी थांबले.

“पुढे,” उस्ताद म्हणाले.

मी आणखी एक ब्लॉक काढला. शिवण सरकली. आणखी एक. वरचे ब्लॉक टेकू गेल्याने हलायला लागले, म्हणून तेही उतरवले. उस्ताद फक्त “पुढे” म्हणत होते. काढ, असं ते पहिल्यानंतर एकदाही म्हणाले नाहीत. हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं.

शिवण संपली तेव्हा माझ्यासमोर रस्ता होता.

“उस्ताद, जाळी उत्तम आहे म्हणालात ना?”

“आहेच.”

“मग मी चुकले कुठे?”

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. “हिने मागितली होती का?”

“ती कशाला नाही म्हणेल?”

वहिनीने बोटावरची चिंधी नीट केली.

याच माणसाने मला साचा भरायला शिकवला होता. जाळी कशासाठी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग तेव्हाच का नाही बोलले? का मी तेव्हा ऐकलं नसतं?

तेवढ्यात आबा आणि तात्या आले.

“हे काय?” तात्या म्हणाले. “रचलेलं उतरवलंस कशाला?”

“माल घट्ट होत चाललाय बाहेर,” आबा म्हणाले. “लाव लवकर. पुन्हा पाणी घातलं तर त्याच्यात दम राहत नाही.”

मी थापी उचलली. घमेल्यापर्यंत गेले. माल खरंच चिकट व्हायला लागला होता, आणखी पाव तासात फुकट जाणार होता. एकवीस दिवसांचं पाणी, माझं फूल, शेजारणींची वाहवा. हे सगळं माझं होतं.

थापी घमेल्याशेजारी ठेवली.

“मी लावणार नाही.”

“का?”

“वहिनी रस्त्याकडे तोंड करून बसेल. अशीच.”

आबांचा आवाज खाली आला. तो खाली आला की घरात भांडंही वाजत नाही. “का ते विचारायचं नाही, असं सांगितलंय ना?”

“विचारत नाहीये, आबा. मी नाही म्हणतेय.”

आबांच्या हातात अडकित्ता होता, सुपारी नव्हती…

वहिनीने स्टूल जवळ ओढलं. बसली. रस्त्याकडे तोंड करून. तिची सावली तिच्या मागे, भिंतीवर पडली. मग मशीनचा आवाज सुरू झाला.

घमेल्यातला माल घट्ट झाला.

आबा आत गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता तरी उस्ताद शाबासकी देतील.

“झालं ना, उस्ताद? नाही म्हटलं मी.”

“कोण म्हणतं झालं?” त्यांनी कोपऱ्यातली झारी उचलून माझ्या हातात दिली. मी समोर पाहिलं. पाणी मारायला तिथे काहीच नव्हतं.

“कशावर मारू?”

“आजपासून एकवीस दिवस,” उस्ताद चपला घालत म्हणाले. “एकही चुकवायचा नाही.”