आधी नांदखोलचं

चपला पायरीखाली काढा आणि आधी नदीकडे बघा. देवी कुठे पळून जात नाही. पात्रात ते तीन खांब दिसले? पूल नाही, नुसते खांब. आमच्या आडखोऱ्याच्या वाघजाईपुढे कुणीही काही मागायला बसलं, की पहिलं मागणं पलीकडच्या नांदखोलसाठी करतं, ते या खांबांपायी.

असं सांगतात, की एके काळी इथला लोकसभा मतदारसंघ नांदखोलच्या नावाचा होता. आडखोरे त्याच मतदारसंघातलं, पण दिल्लीपर्यंत नाव गाजायचं ते नांदखोलचं. आमच्या येसाजी धामळ्यांना हे फार सलायचं. त्यात एकुलती एक लेक हौसा नांदखोललाच दिलेली. व्याही बापूराव साळके भेटले की मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "या व्याही, आमच्या मतदारसंघात स्वागत आहे!" येसाजी हसून पान घ्यायचे आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. रेडिओवर निकालात नांदखोलचं नाव आलं, की उठून रेडिओच बंद!

मग पूल मंजूर झाला. पावसाळ्यात नदी भरली की हौसाचं माहेर तुटायचं, म्हणून येसाजींनाही तो हवाच होता. पण खांब उभे राहिले आणि बापूराव बोलून गेले, "याला नांदखोलचा पूल म्हणायचं बरं का!" झालं. येसाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक इथे आले आणि कौल लावायला सांगितला. कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार.

"आई, त्या नांदखोलचं नाव पुसून टाक. मला दुसरं काही नको."

गुरव चपापला म्हणे. "धामळे, स्वतःचं भलं मागा की. दुसऱ्याचं वाईट कशाला?"

"तू गप पाकळी बघ."

उजवी पाकळी टपकन पडली.

वर्षभरात मतदारसंघांची फेररचना झाली आणि नांदखोल मतदारसंघ रद्द झाला. नदी हीच नवी हद्द. पलीकडचं गाव एका मतदारसंघात, अलीकडचं दुसऱ्यात. येसाजींनी गावभर पेढे वाटले. मुद्दाम व्याह्यांकडेही पाठवले! पण आता पूल कुणाचा? पलीकडचे खासदार म्हणत अलीकडच्यांनी बांधावा, अलीकडचे म्हणत पलीकडच्यांनी. शेवटी ठेकेदार सामान भरून चालता झाला.

त्याच साली हौसाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण पाऊस लवकर आला, तिला आणायला निघालेली बैलगाडी काठावरूनच परत फिरली. घाटाची वाट दरडीने बुजली. हौसा सासरीच बाळंत झाली.

पुढे एका सकाळी ती पलीकडच्या काठावर आली आणि बाळ दोन्ही हातांनी उंच धरलं. येसाजी इकडून घसा फोडून विचारत होते, "मुलगा की मुलगी गं?" पाण्याच्या आवाजात काही ऐकू जाईना. शेजारी उभ्या बापूरावांनी बाळ घेतलं, छातीशी धरलं, त्याचे मुके घेतले. येसाजींना वाटलं, आत्ता उडी टाकावी आणि ते बाळ त्याच्या हातातून हिसकावून आणावं. मतदारसंघाचा हेवा काय घेऊन बसलात! हा खरा हेवा. आणि मध्ये ते तीन खांब, त्यांनी स्वतःच मागून घेतलेले.

ओल्या कपड्यांनिशी ते देवळात आले. "आई, चुकलो. आधी नांदखोलचं दे, मग माझं," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. नवरात्रात पाणी उतरलं तेव्हा त्यांना कळलं, नात आहे.

असं म्हणतात, की पुढे मरेपर्यंत दर मंगळवारी त्यांनी नांदखोलच्या नावासाठी कौल लावला. पाकळी खांद्यावरच सुकून जायची.

आजही इथे परीक्षा, लग्न, खटला, काहीही असो, "आधी नांदखोलचं" म्हटल्याशिवाय गुरव पाकळी लावत नाही. काही जण दात-ओठ खाऊन म्हणतात, तेही चालतं. पलीकडच्या काठावर ती म्हातारी बसली आहे ना, इकडे बघत? ती हौसाची लेक. काठावर पाय ठेवला, की आजोबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने ओरडते, "मुलगी!"