वैजूच्या पखवाजाची कणीक

“पण बुवा, दोन्हींत चांगली कोणती?”

“कोणासाठी?”

अंबादास गडबडला. विचारायला आलेल्या माणसालाच कुणी असं विचारलं, की आपण काय विचारायला आलो होतो हेच आधी आठवावं लागतं.

“वैजूसाठी,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणासाठी?”

केरबाबुवा मठाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर एका जुन्या पखवाजाची चामड्याची वादी होती. ती ते दोन्ही हातांनी ताणून बघत होते. त्यांनी वादी ताणली, सोडली, पुन्हा ताणली.

समोर घाट होता. घाटाखाली नदी. चैत्राच्या उन्हानं पाणी आत आत सरकलं होतं, तरी शेवटच्या पायरीजवळचा डोह अजून भरलेला होता.

वैजू म्हणजे वैजनाथ, अंबादासचा धाकटा भाऊ. यंदा आठवी झाला, आणि त्याला एकदम दोन निवासी शाळांनी बोलावलं. एक देवखिंडीची. डोंगरावरची, मोठी. तिथं घोडे होते, पोहायला तलाव होता, प्रत्येक मुलाला स्वतःचा पलंग आणि स्वतःचं कपाट होतं. तिची परीक्षा वैजूनं दिली आणि त्याचा नंबर लागला. दुसरी टाकळीची. कौलारू, साधी. पण तिथं पखवाज शिकवणारे एक नावाजलेले सर होते. मठाच्या सप्ताहाला ते आले, त्यांनी वैजूला ऐकलं, आणि उठता उठता म्हणाले, “हा मुलगा मला द्या.”

आईवडील ऊसतोडीवरून अजून परतले नव्हते. वडील फोनवर म्हणाले, “अंबादास, मला अडाण्याला त्यातलं काय कळतं? तू थोरला आहेस. तू म्हणशील ती पूर्व दिशा.”

आणि आज संध्याकाळी गावच्या हेडमास्तरांना कळवायचं होतं. एक शाळा धरली की दुसरी सुटणार होती.

“माझ्या मनात देवखिंडी आहे,” अंबादास म्हणाला.

“का?”

“मोठी शाळा आहे. पोरगा साहेब होईल.”

“आणि पखवाज?”

“पखवाजानं पोट भरतं का, बुवा?”

“तुझं उपाशी आहे होय?”

अंबादास ओट्यावरची माती नखानं उकरू लागला.

“बरं,” बुवा म्हणाले. “देवखिंडीला पाठव.”

झालं. हेच ऐकायला तर तो आला होता. आता पाया पडावं आणि उठावं. पण त्याच्या डोळ्यांपुढं तो पलंग आला. पांढरी चादर, उशाला कपाट. अंबादासचं दप्तर सातवीतच खुंटीला लागलं होतं. आईवडील तोडीला गेले की लहानग्या वैजूला बघायला घरी कुणी नव्हतं, म्हणून. वैजूला कडेवर घेऊन तो गावभर फिरायचा. पोरगं रडायला लागलं की मठात यायचा. इथं पखवाज घुमायचा आणि पोरगं गप्प व्हायचं. त्याला गप्प करता करताच अंबादासला पखवाजाचं वेड लागलं. तेव्हापासून त्याचा दिवस मठातच जायचा. रात्री घरी अजूनही पोत्यावर निजत होता.

तुळशीराम टाळकरी परवाच सगळ्यांदेखत म्हणाला होता, “अंबादास, तुझा भाऊ साहेब झाला की आपल्याला एक काम नक्की. तो गाडीतून उतरताना दार तू धर, छत्री मी धरतो.”

सगळे हसले. अंबादासही हसला. घरी आल्यावर त्याला भाकरी गेली नाही.

“पण बुवा...” तो आता म्हणाला. “तिथं घोडे आहेत. पडलाबिडला, हातपाय मोडला तर?”

“मग टाकळी.”

टाकळी! पलंग नुसता डोळ्यांत खुपत होता. टाकळीचं नाव काढलं की काळजातच काहीतरी रुतायचं. साहेब काय, गावात कुणीही होतो. पण पखवाज अंबादासचा होता. या पंचक्रोशीत ‘अंबादास पखवाजी’ म्हटलं की माणसं मान डोलवायची. त्याच्याजवळ होतं ते एवढंच.

“टाकळीत उन्हाळ्याला पाण्याची बोंब असते म्हणतात,” तो म्हणाला. “पोरं आजारी पडतात.”

“असं?”

“तसा गावातच राहिला तर... इथली शाळा काही अगदीच वाईट नाही. नववी-दहावी इथंच झाली तर काय बिघडतं?”

बुवांनी वादी खाली ठेवली. मिशीत हसले.

“दोन शाळा घेऊन आलोय म्हणालास. ही तिसरी कुठल्या खिशात होती रे?”

अंबादासचे कान तापले.

डोहात मासा उसळला. पाण्यावर वळं उठलं आणि विरलं.

“मासे फुगलेत यंदा,” बुवा सहज म्हणाले. “नदी आटत चाललीय आणि मासे फुगलेत. कुणाचं खातात कोण जाणे.”

अंबादासनं डोहावरची नजर चटकन काढून घेतली.

याचं कारण असं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, वाजवायच्या आधी, ओल्या कणकेचा थर लावतात. ती कणीकच डाव्या अंगाला आवाज देते. थर नेमका बसला तर पखवाज गाभाऱ्यात बोलल्यासारखा बोलतो. कमी पडला तर कोरडा, पत्र्यासारखा वाजतो. जास्त झाला तर बसतो. कितीही मारा, थप्प... थप्प. वाजवून झालं की ती कणीक खरवडून काढायची आणि नदीत माशांना घालायची.

आणि केरबाबुवांच्या मठात एक रीत होती. शिकणाऱ्यानं आपली कणीक आपण लावायची नाही. थोरल्या शिष्यानं पीठ मळायचं, आणि धाकट्यांच्या पखवाजांना त्यानंच लावायचं. थोरला म्हणजे अंबादास.

वैजूचा हात वळायला लागला, ऐकणारे थांबून ऐकायला लागले, तेव्हापासून वैजूच्या पखवाजाला कणकेचा गोळा जरा मोठा जाऊ लागला. आधी चिमूटभर. मग दोन बोटं. कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. वैजूचा पखवाज जड बोलायला लागला, एवढंच. सप्ताहात टाकळीचे सर समोर येऊन बसले त्या दिवशी तर अंबादासच्या हाताला धरबंदच राहिला नव्हता. आज बसू दे याचा आवाज, सगळ्यांसमोर बसू दे, असं म्हणत त्यानं थापून थापून लावली होती.

आणि तरी सर म्हणाले, हा मुलगा मला द्या.

“वैजू!” बुवांनी हाक मारली.

वैजू घाटाच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसला होता. सकाळच्या पाठाची कणीक माशांना घालत होता. हात झटकत तो वर आला. उंच, किडकिडा, ओठावर मिसरूड फुटू घातलेलं. अंगातला सदरा अंबादासचाच, उसवून आवळलेला.

“काय, बुवा?”

“बस. वाजवून दाखव काहीतरी.”

वैजू आपला पखवाज आणायला वळला.

“तो नको,” बुवा म्हणाले. “हा घे.”

आणि त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं अंबादासचा पखवाज होता, दुपारच्या भजनासाठी कणीक लावून तयार ठेवलेला. तो पखवाज कुणी शिवायचा नाही हे मठात सगळ्यांना माहीत होतं. वैजू जागच्या जागी थबकला.

“अण्णाचा?”

त्यानं अंबादासकडं बघितलं. अंबादासनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाच कळलं नाही.

वैजूनं पखवाज मांडीजवळ घेतला. आधी त्याला नमस्कार केला. मग डावा हात उचलला, रोज उचलायचा तसा, आणि टाकला.

धा!

मठाच्या छपरातली कबुतरं फडफडून उडाली. ओट्यावरचा तांब्या थरथरला. वैजू स्वतःच दचकला. हात तसाच हवेत धरून तो पखवाजाकडं बघत राहिला.

“वाजव की,” बुवा म्हणाले.

तो वाजवू लागला. अंबादासचा पखवाज, अंबादासनं लावलेली कणीक, आणि त्यातून निघणारा आवाज अंबादासनं कधी ऐकला नव्हता. त्याच्या पखवाजातून असा नाद निघू शकतो हे इतक्या वर्षांत त्यालाच ठाऊक नव्हतं. आपल्या घराला आणखी एक खोली आहे, आणि ती दुसऱ्या कुणीतरी उघडली, तसं त्याला झालं. त्यानं धोतराचा सोगा मुठीत आवळून धरला.

वैजू थांबला. चेहरा फुलला होता.

“अण्णा, तुझा पखवाज केवढा हलका बोलतो रे! नुसता हात ठेवला की गरजतो.”

“आणि तुझा?” बुवांनी विचारलं.

“माझा जड आहे. जीव काढावा तेव्हा बोलतो.”

“का रे जड?”

अंबादासनं डोळे मिटून घेतले. आता आलं.

“अण्णा मुद्दाम जड लावतो ना,” वैजू म्हणाला. “हात घडावा म्हणून.”

बुवांनी अंबादासकडं बघितलं, मग वैजूकडं.

“असं तो म्हणाला तुला?” त्यांनी विचारलं.

“म्हणायला कशाला पाहिजे? मला काय कळत नाही?” वैजू हसला. “दुसऱ्या पोरांना एवढीशी लावतो, मला एवढी. मी काय आंधळाय? सप्ताहात तर इतकी लावली होती, की मला वाटलं आज खांदाच उतरतो. पण टाकळीचे सर नंतर माझा दंड दाबून बघत होते. म्हणाले, पोरा, हा डावा हात कुणी घडवला? मी म्हटलं, आमच्या अण्णानं.”

...

छपरावर एक एक कबूतर परत येऊन बसत होतं.

अंबादासला वाटलं, यापेक्षा पोरानं सगळं ओळखलं असतं, चारचौघांत दोन शिव्या दिल्या असत्या, तर सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या घटकेलाही आतली आग विझलेली नव्हती. असं का वाजतं याच्या हातून... हेच आत जळत होतं.

“हं, अंबादास,” बुवा म्हणाले. “मघाशी तू काय विचारत होतास?”

अंबादास बुवांकडं वळला नाही. वैजूकडं वळला. इतक्या दिवसांत त्यानं हेडमास्तरांना विचारलं होतं, तुळशीरामला विचारलं होतं, फोनवर वडिलांना विचारलं होतं. एकालाच विचारायचं राहिलं होतं.

“वैजू, तुला कुठं जायचंय?”

“तू म्हणशील तिथं.”

“माझं सोड. तुला कुठं?”

वैजू पखवाजाच्या लाकडी गट्ट्यांवरून बोट फिरवत राहिला.

“घोडे मला आवडतात,” तो म्हणाला. “पण... टाकळी.”

ते नाव अंबादासला लागायचं तिथं लागलंच.

“मग टाकळी. संध्याकाळी सांगतो हेडमास्तरांना.”

“पण अण्णा, एक भीती वाटते.”

“कसली?”

“तिथं ज्याची कणीक त्यानंच लावायची असते. सर म्हणाले. मला कुठं येतं लावायला? सगळं तूच करत आलास.”

अंबादास एकदम बुवांच्या पायांशी वाकला.

“बुवा, मी ती कणीक...”

बुवांनी हात वर केला. अंबादासचे शब्द तिथंच राहिले.

ऊन ओट्यावर चढलं होतं. तापल्या हवेनं अंबादासच्या पखवाजावरची कणीक सुकली होती, कडेनं तडकली होती. भजनाची वेळ होत आली. तुळशीराम टाळ खुळखुळवत पायऱ्या चढत होता. आज गाव जमणार होतं, आणि आज वाजवणार अंबादास होता.

बुवांनी ओल्या फडक्याखालचा कणकेचा गोळा उचलला. वैजूच्या तळहातावर ठेवला.

“अण्णाची कणीक सुकली. ती काढ. नवी तू लाव.”

“मी? अण्णाच्या पखवाजाला?”

“तू.”

वैजूनं सुकलेली कणीक हळूहळू खरवडली. चामडं फडक्यानं पुसलं. मग गोळा हातात धरून तो थांबला. गोळा चांगला मोठा होता.

“अण्णा,” त्यानं विचारलं, “किती लावू?”

अंबादासनं तोंड उघडलं.

“तू गप,” बुवा म्हणाले. “किती लावायची, ते त्याला ठरवू दे.”