चार हजार आवाज

“म्हणजे आता यातलं काहीच हरवणार नाही?” आप्पास्वामींनी विचारलं.

“काहीच नाही, स्वामी.”

मठातल्या तरुण शिष्याच्या, प्रद्योतच्या अंगात आनंद मावत नव्हता. मठात चाळीस वर्षं साठलेल्या गाण्यांच्या चार हजार कॅसेटी त्यानं महिनाभर खपून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, चढवल्या होत्या. तिथे कपाट नाही, कप्पा नाही. एकच अफाट कोठार. आवाज, चित्र, पत्र, काहीही टाका. प्रत्येकाला आपला क्रमांक आणि तीन शहरांत तीन प्रती. मठ बुडाला तरी आवाज तरतील, हे त्याचं दोनदा सांगून झालं होतं.

तेवढ्यात गावातली हौसाबाई आली. उद्या लेकीचं लग्न, आज दुपारी घाणा भरायचा. तिच्या आईनं कधीकाळी मठात येऊन घाण्याची गाणी म्हटली होती. आई आता नव्हती. जात्यापाशी तिचा आवाज हवा होता.

“लाव,” स्वामी म्हणाले.

प्रद्योतनं ऐटीत लॅपटॉप उघडला. ध्वनी एक, ध्वनी दोन, ध्वनी तीन... खाली चार हजारांपर्यंत तसंच. त्यानं यादी तळापर्यंत सरकवली, पुन्हा वर आणली.

“क्रमांकापुढची चौकट रिकामी का?”

“काय आहे ते लिहायची जागा आहे ती. नाही लिहिलं तरी कोठार घेतं, स्वामी.”

“कॅसेटींना दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या होत्या...”

त्या मळक्या चिठ्ठ्या त्यानंच साफसफाईच्या भरात चुलीत घातल्या होत्या.

स्वामींनी हौसाबाईला आपल्या आसनावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर मांडी घातली.

“पहिल्यापासून लाव.”

एकेक आवाज थोडाथोडा वाजू लागला. हौसाबाई मान हलवायची, आई नव्हे. पण मधेच म्हणायची, हा तर तुका सुताराचा थोरला, ही खालच्या आळीची गोदाकाकू. प्रद्योत चौकटीत नाव लिहायचा. हळूहळू त्यालाच चेव चढला. महिनाभरात त्यानं यातलं एकही गाणं ऐकलं नव्हतं.

दोनशे सतरावा आवाज लागला आणि हौसाबाईचा हात हवेतच जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरू लागला...

“आई,” ती म्हणाली.

प्रद्योतचे डोळे भरून आले. त्यानं आईचं नाव विचारलं, लिहिलं, पुन्हा वाचून पाहिलं. मग त्याला बाकीच्यांची आठवण झाली.

“स्वामी, अजून पावणेचार हजार राहिलेत. त्यांना कोण ओळखणार?”

स्वामींनी लॅपटॉप मिटून त्याच्या हातात दिला.

“उद्या मांडवात सगळं गाव येतंय. लग्नाला रिकाम्या हातानं जाऊ नये.”