शाळेला जाणाऱ्या म्हशी

फार पूर्वी, म्हशी भरधाव पळायच्या त्या रानवाटेकाठी एक टिटवी राहायची. म्हशीवर बसून बसून तिच्या पिल्लाचे पाय लुळे पडत चालले होते आणि त्या काळजीनं तिचा डोळा लागेना. पायी शाळेत धाडावं, तर म्हशी तुडवतील. म्हणून रानातल्या इतर आयांसारखी तीही त्याला म्हशीवरच बसवायची.

शेवटी एका सकाळी जीव मुठीत धरून ती त्याला कडेकडेनं चालवू लागली. तोच एक म्हैस अंगावर आली.

"अगं, डोळे फुटले का? कुठे निघालीस उधळत?" टिटवी किंचाळली.

"शाळेत! सशाची पोरं आहेत पाठीवर. त्यांना चालत पाठवायला त्यांची आई घाबरते."

"कुणाला?"

"आम्हालाच की!"

टिटवीनं पिल्लाला पंखाखाली ओढलं. "उद्यापासून आपली म्हैसच बरी, बाबा."

पिल्लू म्हणालं, "आई, काल माझी म्हैसपण अशीच एका आईच्या अंगावर गेली होती."