दहाव्याला दिलेला शब्द

“मग माझं चुकलं कुठे, महाराज? तेवढं सांगा.”

त्र्यंबकरावांचा आवाज चढला होता. आपलं काही चुकलेलं नाही अशी ज्याची पक्की खात्री असते, तोच हा प्रश्न इतक्या जोरात विचारतो.

महाराज मठाच्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी मान वर केली नाही.

त्र्यंबकरावांचा जिवलग मित्र नरहर मागच्या वर्षी वारला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. आपल्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून त्याने त्र्यंबकरावांचं नाव घातलं होतं. सख्ख्या पुतण्यांवर त्याचा भरवसा नव्हता, या मित्रावर होता.

“काय काय केलंत?” महाराजांनी विचारलं.

“सगळं. बँकेची खाती मिटवली. दवाखान्याचं बिल भागवलं. घरपट्टी भरली. मेलेल्या माणसाचं इन्कमटॅक्सचं रिटर्नसुद्धा भरलं, त्याच्या वतीने सही करून. कुणाचं काही देणं राहिलं असेल तर कळवा, म्हणून पेपरात नोटीस दिली. कुणी आलं नाही. उरलं ते दोन्ही पुतण्यांना सारखं वाटलं. एका पैला हात लावला नाही मी.”

“आणि घर?”

“तेही पुतण्यांचंच. उद्या किल्ल्या द्यायच्यात. ते विकणार आहेत.”

“रिकामं आहे?”

त्र्यंबकरावांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“…सोनुताई आहे.”

नरहरला अर्धांगवायू झाला तेव्हापासून सोनुताईने त्याचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, रात्रीबेरात्री उठून कूस बदलली. मागच्या खोलीत राहायची. मृत्युपत्र मात्र ती त्या घरात येण्याच्या आधीचं. त्यात तिचं नाव असणार कुठून?

“कागदात नाही ते मी कुणाला देऊ शकत नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “कायदाच आहे तसा.”

“खरं आहे.”

त्र्यंबकरावांचा चेहरा मोकळा झाला.

“मग इथे आलात कशाला?”

महाराज शेंगा सोलत राहिले.

“दहाव्याला कावळा शिवत नव्हता…” त्र्यंबकराव खाली बघत म्हणाले. “ऊन चढत होतं. पुतण्यांनी सगळं बोलून पाहिलं. वर्षश्राद्ध नीट करू, देवळात पायरी बसवू. कावळे झाडावरून हलेनात. एका पुतण्याची दुपारची गाडी होती. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तोच पिंडाला लावायचा आणि मोकळं व्हायचं. मला राहवलं नाही. पुढे झालो. म्हटलं, नरू, सोनुताईची काळजी करू नकोस. तिला मी उघड्यावर पडू देणार नाही.”

“मग?”

“मी मागे सरायच्या आत शिवला.”

महाराजांचा हात थांबला.

“हा शब्द कुणी दिला? व्यवस्थापकाने?”

“नाही… म्हणजे, मीच. पण घाटावर सगळेच काही ना काही बोलतात, महाराज.”

“तुमचं घर केवढं?”

“घर मोठं आहे. वरचा मजला रिकामाच पडलाय. पण परक्या बाईला ठेवायचं कोणत्या नात्याने? सून काय म्हणेल? चार लोक काय म्हणतील?”

“सोनुताई जाणार कुठे?”

“भाचा आहे तिचा. तो ठेवून घेत नाही म्हणते.”

मग स्वतःशीच बोलावं तसं ते पुटपुटले, “दर्भाचा कावळा होईपर्यंत थांबायला हवं होतं मी…”

मला त्यांचा संताप आला, खोटं कशाला सांगू. हा माणूस चोर असता तर एक वेळ बरं झालं असतं. चोराला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं. हे तर हिशेबाला चोख होते आणि त्याच जोरावर त्या बाईला दाराबाहेर काढायला निघाले होते.

महाराजांनी पुढची शेंग उचलली. त्र्यंबकरावांना ते सोसेना. त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, सोडला आणि महाराजांपुढे ठेवला.

“काम निर्विघ्न पार पडलं म्हणून आणलेत. एक पेढा घ्या. तुम्ही घेतलात की माझ्या जिवाला स्वस्थता येईल.”

महाराजांनी पुड्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

“घ्या ना, महाराज…”

महाराज तसेच बसून राहिले.

“मंडपावरचे पत्रे गळतात ना? नवे घालून देतो.”

…

“गुरुपौर्णिमेचं जेवण माझ्याकडून. दर वर्षी. अगदी शब्द देतो.” त्र्यंबकरावांनी हात जोडले.

महाराजांनी पुडा त्यांच्याकडे सरकवला.

“उचला हा, त्र्यंबकराव. मी कावळ्याइतका भोळा नाही.”