झिजलेली शिवराई आणि ताठ दिवा

माणसं नाणी फोनवर मिरवू लागली, त्या काळची ही गोष्ट. कुमुदताईंच्या टेबलावर एक झिजलेली शिवराई, तांब्याचं जुनं नाणं, होतं. तिच्या एकाही फोटोत अक्षरं उमटेनात.

"आता शेवटचा फोटो," कुमुदताई वैतागून म्हणाल्या. "नाहीतर ही मोडीत!"

शिवराईने हे ऐकलं. डोक्यावर ताठ मानेने उभ्या टेबलदिव्याला ती म्हणाली, "दादा, जरा वाक ना!"

"मी वाकू? एवढा लख्ख उजेड देतोय. तुझ्यावरच काही उरलं नाही."

"उरलंय रे! वरून सगळं सपाट दिसतं. एकदा बाजूने बघ."

कुमुदताईंनी फोन रोखला. दिवा कुरकुरत वाकला, पार टेबलापर्यंत. तिरप्या उजेडात अक्षराअक्षराला बारीक सावली फुटली.

"अगं बाई, 'श्री' दिसतोय!" कुमुदताई ओरडल्या.

शिवराईने श्वास सोडला. दिवा मात्र वाकलेलाच होता. त्याने हळूच विचारलं, "आणि पाठीवर काय लिहिलंय गं?"